रखमाजीचं खळं

सावरमाळ, ता. परतूर
९ जानेवारी २०२५

नंदे,

तू विसरली असशील म्हणून आधी सांगते. मी झुंबरबाई. तुझ्या बापाची आई. परतूरहून एसटीत बसलं की अर्ध्या तासात माझं गाव येतं, सावरमाळ म्हणतात त्याला. दिवाळीत तू आल्तीस तवा माझ्या गालाला हात लावून म्हणालीस, "आज्जी, दर पंधरा दिवसाला पत्र टाकीन." दिवाळी होऊन चार पंधरवडे गेले. मला लिहिता येत न्हाई, पर मोजता येतं. आता पोस्टमन दारावरून जाताना तोच बिचारा मान खाली घालून जातो.

फोन करते म्हणू नको. फोनात मला निस्तं भुर्र ऐकू येतं, अन् तू तिकडं हो हो म्हणत दुसरंच काम करून राह्यतीस. कागद कसा, समोर घेऊन बसावं लागतं.

हे लिहून राह्यली सालेहा, शेजारच्या शहाजादीची सून. ब्लाउजला हुक लावता लावता लिहिती. तिला बजावलंय, मी बोलते तसंच उतरव, शाळेतल्यावानी नीटनेटकं करू नको. (मावशी बोलतात तेवढ्या वेगात हात चालत नाही, तरी प्रयत्न आहे. – सालेहा)

तुझा बाप धर्मराज ग्राउंड कमिटीचा अध्यक्ष झालाय. गावच्या ग्राउंडला पन्नास वर्सं होऊन राह्यलीत. पाडव्याला कार्यक्रम, आमदाराला बोलावणं, अन् एक पुस्तक. पुस्तक तुझ्या छापखान्यात छापायचं, अन् आतला इतिहास तू लिहायचा, असं त्यानं ठरवलंय. तुला कळवलं का, ते त्यालाच ठाऊक. मला म्हणला, "आई, जुनं तुला जे आठवतं ते नंदीला सांग." मंग सांगते.

दुपारी जेवण झालं की मी अन् शहाजादी ग्राउंडाच्या कडेला लिंबाखाली जाऊन बसतो. पन्नास वर्सं बसून राह्यलो. ऊन असं पडतं की समोरचं समदं पाण्याखाली गेल्यावानी हलतं. पोरं पळतात, पर पाय टेकलेले दिसत न्हाईत. मला डुलकी लागती. डुलकीत पोरं नसतात, बैल असतात, गोल गोल फिरणारे, तोंडाला मुसकी बांधलेले. डोळा उघडला की बैलाच्या जागी पांढऱ्या सदऱ्यातला पोरगा. परत झाकला की बैल. त्यातलं खरं कोणतं, हे ठरवायची मला काही घाई न्हाई.

कारण ते ग्राउंड म्हणजे आमचं खळं. जोंधळ्याची कणसं पसरून त्याच्यावर बैल फिरवायचे, दाणा मोकळा करायचा, ती जागा.

पहिली मॅच परतूरच्या पोरांसंगं झाली. आपल्याकडचे स्टंप म्हणजे तुरीच्या काड्या. बॅट म्हणजे मोडक्या बैलगाडीची फळी, तासून घेतलेली. अंपायर शहाजादीचा नवरा, अजमत. त्याला खेळातलं कायबी कळत न्हवतं. पोरांनी शिकवलं, आउट झाला की बोट वर करायचं. त्यानं पहिल्याच चेंडूला बोट वर केलं. परतूरवाले भांडायला आले तर म्हणला, "अरे, बघून राह्यलो होतो, हात उचलतो का न्हाई ते." अजमत गेला त्याला आता बारा वर्सं झाली.

एवढं पुरं. सालेहाचे हुक संपले.

तुझी आज्जी
(अंगठा)


छत्रपती संभाजीनगर
१८ जानेवारी २०२५

प्रिय आज्जी,

चार पंधरवड्यांची माफी एकदम मागते. दिवसभर छापखान्यात बसून लोकांच्या लिखाणातल्या चुका काढते, संध्याकाळी अक्षर बघायचीसुद्धा इच्छा राहत नाही. पण तुझं पत्र तीनदा वाचलं. बैल आणि पोरं वाचून ऑफिसात डोळे मिटून बसले, तर साहेबांनी विचारलं, बरं वाटत नाही का.

बाबांनी कळवलंय सगळं. कागदपत्रांची पिशवीही पाठवली. मी सुरुवात अशी केली आहे, सालेहाचाची, आज्जीला वाचून दाखवा:

"सावरमाळचे दानशूर शेतकरी कै. रखमाजी यांनी १९७५ साली आपली खळ्याची जागा गावातील मुलांना खेळण्यासाठी दिली."

बाबा फाटकाशी काळा दगड बसवणार आहेत, 'कै. रखमाजी क्रीडांगण' असा. आमदारांच्या हातून पडदा सरकवायचा. फोनवर सांगताना त्यांचा आवाज इतका आनंदी होता की मी त्यांना मध्ये तोडलंच नाही.

पिशवीत पंचायतीचा जुना टंकलेला ठराव आहे, 'रखमाजी यांच्या खळ्याच्या जागेबद्दल गाव त्यांचे आभारी आहे' असा. त्याला मागून एक तपकिरी झालेला कागद टाचलाय. मजकुराची शाई उडून गेली आहे, खाली फक्त उर्दूत एक सही उरली आहे. कुणा साक्षीदाराची असावी. मला वाचता येत नाही.

आता मला एकच गोष्ट हवी आहे. जागा दिली त्या दिवशी आजोबा काय बोलले? मी त्यांना पाहिलंच नाही. आजोबा गेले तेव्हा बाबाही जेमतेम दहा वर्षांचे होते. त्यांचा एक शब्द तरी दे, मी तो पुस्तकात पहिल्या पानावर घालते.

तुझी,
नंदी


सावरमाळ
२८ जानेवारी २०२५

नंदे,

दोन डिग्र्या घेतल्यास अन् एक सही वाचता येईना. मंग तुझ्यात अन् माझ्यात फरक काय राह्यला? फक्त चष्मा.

तुझा आज्जा काय बोलला म्हणून विचारतेस. तो बोलायचाच कमी. जेवायला बसला अन् मीठ कमी असलं तर ताटाकडं बघायचा, मी मीठ वाढायची. असा बोलायचा तो. त्याचं मी काय सांगू? खळं कसं करायचे ते सांगते, ते लिही. पुस्तकात बायांचं एकबी नाव यायचं न्हाई असं मला दिसून राह्यलंय.

आपल्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात खळं होत न्हाई, दाणा भेगेत जातो. खळ्याला पांढरी, चिकट माती लागती. ती गावात एकाच जागी, आता ग्राउंड हाये तिथं. संक्रांत झाली की आम्ही आठ-धा बाया तिथं जायचो. आधी खुरप्यानं गवताचं मूळ अन् मूळ काढायचं. मंग पाणी मारायचं, लई न्हाई, भाकरीच्या पिठाला मारतो तेवढं. मंग धुम्मसानं ठोकायचं. शहाजादी पुढं, मी मागं. ती मारायची धप्प, मी मारायची धप्प. असं चार दिवस. वर शेणाचा सडा, त्याच्यावर सारवण, परत ठोकायचं. पाचव्या दिवशी त्याच्यावर नारळ टाकला तर उडायचा.

तुझा तो पिच म्हणजे हेच. रोलर फिरवणारी पोरं म्हणतात, सावरमाळच्या पिचवर चेंडू छातीला येतो, बदनापूरवाले घाबरतात. छातीला यायलाच पाहिजे. त्याच्या पोटात शहाजादीचे अन् माझे चार-चार दिवस ठोकलेले हायेत, वर्सावर वर्सं.

अन् उपणायचं. तीन पायांच्या उंच तिवईवर माणूस उभा राहून टोपलं हळूहळू ओततो, वारा भूस पलीकडं नेतो, दाणा सरळ खाली. पश्चिमेचा वारा सुटला की समदं खळं पिवळ्या धुरात जायचं. माणसं दिसायची न्हाईत, निस्ते आवाज. त्या धुरातून कुणीतरी हसत बाहेर यायचं, पापण्यांवर भूस. कोण आलं ते जवळ येईपोतर कळायचं न्हाई. मला आता समदे गेलेले लोक तसेच दिसतात, भुसातून बाहेर येऊन राह्यल्यावानी.

सालेहा मधीच विचारून राह्यली, "मावशी, पर खळ्याची जागा होती कुणाची?" मी म्हणलं, तू मशीन चालव.

तिला आता स्वयंपाकाला जायचंय. म्हणून थांबते.

आज्जी
(अंगठा)


छत्रपती संभाजीनगर
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आज्जी,

खळ्याचं पान मी जसंच्या तसं लावलं. आमच्याकडे अक्षरजुळणी करणारे अदनानभाई म्हणाले, ही बाई कुठे राहते, मला हिच्या पाया पडायचंय. शहाजादीआज्जीचं नावही आलंय, सालेहाचाची, त्यांना सांगा.

पण आज्जी, तू आजोबांना चुकवते आहेस. मी प्रश्न विचारला मिठाचा नाही, जागेचा. बाबा रोज फोन करतात, "आईनं काही सांगितलं का?" दगड परतूरला कोरायला दिलाय. आठ-दहा दिवसांत नाव कोरून होईल. त्याखाली आजोबांचं एखादं वाक्य घालायचं बाबांच्या मनात आहे. त्यांच्या वडिलांचा आवाज त्यांना आठवत नाही, असं परवा पहिल्यांदा मला म्हणाले.

एवढं एक दे.

तुझी,
नंदी


परतूर
१३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
कु. राजनंदिनी धर्मराज, छत्रपती संभाजीनगर यांसी.
विषय: क्रीडांगणाच्या जागेबाबत खुलासा.
महोदया,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

नंदे, हे खोड म्हणलं मी त्याला. तहसीलीसमोर छत्री लावून अर्ज लिहिणारा राधेश्याम हाये हा. त्याला सवय पडली. म्हणलं, बाबा, मी सरकारकडं कायबी मागत न्हाई, मी नातीला सांगून राह्यले. आता नीट लिहितो म्हणला.

सकाळच्या एसटीनं आले. घरी सांगितलं डोळे दाखवायला चालले. सालेहाला पुढचं सांगता येईना मला. का येईना ते आता कळेल. उत्तर घरच्या पत्त्यावर धाडू नको, तुझी पत्रं मला सालेहाच वाचून दाखवती. राधेश्याम, तहसीलीसमोर, परतूर, असं टाक. मी येऊन वाचून घेईन. एवढं ध्यानात ठेव.

जागा तुझ्या आज्ज्यानं दिली न्हाई. जागा अजमतची होती.

पांढरी माती त्याच्याच रानात. आमची चार-पाच घरं त्याच्या जागेत आळीपाळीनं खळं करायची. तो कधी न्हाई म्हणला न्हाई. आमच्यात रीत अशी की ज्याची रास खळ्यावर पडली, ती उचलेपोतर खळं त्याच्या नावाचं. तोवर जागेच्या मालकाचं नाव तिथं कुणी काढायचं न्हाई. काढलं तर रास उणी भरती, असं मानायचे. मालक सोता बी काढायचा न्हाई.

दुष्काळ सरून तीन पिकं झाल्ती. पोरांना खेळायला जागा पाहिजे म्हणून पंचायतीनं लिहून कळवलं होतं. अजमतनं पोरांना शब्द दिल्ता, "रास उठली की घ्या, बिलकुल घ्या." एक दिवस जागा बघायला साहेब आला, लांबचा, पँटीतला. खळ्यावर तवा आमची रास. साहेबानं विचारलं, हे खळं कुणाचं? समद्यांनी सांगितलं, तुझ्या आज्ज्याचं. साहेबानं अजमतलाच विचारलं, काय हो, बराबर? अजमत तिवईवर उभा होता, भुसानं पांढरा झालेला. तो बी म्हणला, "हो साहेब, रखमाजीचं खळं."

(हे नाव बाईंनी सांगितलं नाही. पतीचे नाव त्या घेत नाहीत. मला अंदाजाने भरण्यास सांगितले. – राधेश्याम)

साहेबानं लिहून घेतलं अन् गेला. पुढं कागदावर सही करायला अजमतच गेल्ता, मालक म्हणून. ती तुझी उर्दू सही त्याचीच असणार, दुसऱ्या कुणाची? पर आभाराचा कागद साहेबाच्या वहीवरून टाइप झाला. पंधरा ऑगस्टला शाळेसमोर हार घातला तो तुझ्या आज्ज्याच्या गळ्यात. मी बायांत उभी होते. मला वाटलं, आता काढील, आता अजमतच्या गळ्यात घालील. त्यानं हाराला हात लावला, नीट केला, अन् खाली बसला. अजमत टाळ्या वाजवून राह्यलेला.

घरी जेवताना मी म्हणलं, हार चुकीच्या गळ्यात आला. त्यानं ताटाकडं बघितलं. मी मीठ वाढलं. त्याच्यानंतर तो विषय घरात निघाला न्हाई.

जागा गेल्यावर अजमत-शहाजादीला खळं राह्यलं न्हाई. ते परतूर रोडवर कणसं पसरायचे, डांबरावर. एका वर्सी कापसाचा ट्रक त्याच्यावरून गेला तो थांबलाच न्हाई. आम्ही गाडीतून बाजाराला चाल्लो होतो. शहाजादी रस्त्यावर बसून खडीतले दाणे बोटानं वेचून राह्यली होती. तिनं गाडीकडं बघितलं. मी पदर पुढं ओढला. तुझ्या आज्ज्यानं बैल हाकले.

तवाची माणसं आता चार उरलीत. दोघांना ऐकू येत न्हाई, दोघांना कुणी विचारत न्हाई. शहाजादीनं पोरांना बी कधी सांगितलं न्हाई. सालेहाला ठाऊक न्हाई, तिचा नवरा आमेर तवा जन्मला बी न्हवता. अन् शहाजादी मला एका शब्दानं बोलली न्हाई. म्हणून मी रोज तिच्याशेजारी लिंबाखाली जाऊन बसते. दुसरं काय करणार होते?

दगडावर ते नाव कोरू देऊ नको. पर तुझ्या बापाला कसं सांगायचं ते मला ठाऊक न्हाई. तू शिकलेली हायेस. तू बघ.

आज्जी
(अंगठा, माझ्यासमक्ष. – राधेश्याम)


श्रीमती झुंबरबाई यांस
मु. पो. सावरमाळ, ता. परतूर, जि. जालना

छत्रपती संभाजीनगर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय आज्जी,

दोन दिवस मी काही छापलं नाही, काही तपासलं नाही. तिसऱ्या दिवशी तो तपकिरी कागद अदनानभाईंपुढे ठेवला. त्यांनी भिंग लावलं आणि लगेच वाचलं, 'अजमत, जागेचा मालक.' पन्नास वर्षं ते तिथंच लिहिलेलं होतं. आपल्या घरातल्या कपाटात.

दगडवाल्याला फोन केला. उशीर झाला, आजोबांचं नाव कोरून झालंय. तारीख तेवढी राहिली आहे.

मग बाबांना फोन केला. आधी ते हसले. मग म्हणाले, "सही साक्षीदाराची पण असते." मग म्हणाले, "आईला अजमतचाचाच्या घराची माया आहे, म्हातारपणी काहीतरी बोलते." शेवटी म्हणाले, "तुझ्या पुस्तकात तुला काय लिहायचं ते लिही. माझ्या बापाचं मला एवढंच माहीत आहे, की त्यानं गावाला ग्राउंड दिलं. ते तू काढून घेणार असशील तर घे."

आज्जी, मी हे छापू शकते. पण मी छापलं तर बाबा आयुष्यभर म्हणतील, पोरीनं कागदावरून काढलं. त्या दिवशी तिथं उभी असलेली तू आहेस. हे तुझ्या तोंडून यायला हवं, आणि बाबांच्याही आधी शहाजादीआज्जीला सांगायला हवं. मी तुझ्याकडून मागते आहे ते सोपं नाही, हे मला कळतं.

पुस्तकाचं ते पान मी कोरं ठेवलंय.

तुझी,
नंदी


सावरमाळ
६ मार्च २०२५

नंदे,

पत्ता काय सांगितला होता मी? राधेश्याम, तहसीलीसमोर, परतूर. अन् तू पाकिटावर लिहिलंस सावरमाळ. विसरलीस का मुद्दाम केलंस, ते मला सांगू नको. दोन्हीबी खरं वाटंल अशी तू हायेस.

पोस्टमननं पाकीट सालेहाच्या हातात दिलं. दुपारची वेळ, आम्ही तिघी त्यांच्या ओट्यावर. शहाजादी मेथी निवडून राह्यलेली. मी म्हणलं, असू दे, मंग वाच. सालेहानं तवर फोडलं बी. तपकिरी कागदापोतर आली, अजमतचं नाव वाचलं, अन् थांबली. मला वाटलं, ओट्यासकट मी खाली जाईन तर बरं होईल.

शहाजादी मेथीतून मान वर न करता म्हणाली, "पढ. रुक कायको गई?"

सालेहानं समदं वाचलं. तुझ्या बापाचं बोलणं बी वाचलं. समोरच्या घराच्या पत्र्यावर ऊन पडलं होतं, ते भिंतीवर हलून राह्यलं होतं, त्याच्याकडं बघत बसले मी. किती वेळ ते सांगता येत न्हाई. एवढी लांब दुपार मी पाह्यली न्हाई.

मंग मी बोलले. हार बोलले, ट्रक बोलले, पदर बी बोलले. शहाजादी म्हणाली, "मेरेकू मालूम था तेरेकू मालूम है."

"कवापासून?"

"उसी दिन से. तू बायांमें खडी थी, मेरे बाजू में. तेरा मुँह देखी ना मैं."

"मंग पन्नास वर्सं बोलली का न्हाईस, बाई?"

"तू बोलतीस का, देख रही थी."

मेथीची काडी तिनं मोडली अन् टाकली. म्हणाली, "रोज दोपहर कू आके बैठती थी तू झाड के नीचे. मेरेकू लगा, इसकू मॅच का बडा शौक है. जाने दो, दोस्त है, बैठेंगे साथ में."

मी म्हणलं, "मला? मला तर अजून कळत न्हाई कोण कुणाच्या बाजूचा हाये! मला वाटलं तुला आवडती मॅच, म्हणून मी येऊन राह्यले."

"मैं? या अल्ला, धूप में कमर दुखती मेरी!"

नंदे, आम्ही हसलो. पन्नास वर्सं दोन बाया उन्हात बसून जे बघत राह्यल्या ते दोघींनाबी नको होतं. शहाजादीच्या डोळ्यांतून पाणी आलं, सालेहा पाणी आणायला उठली. अन् मी हसतच होते तवा शहाजादीनं पदरानं तोंड पुसलं अन् म्हणाली, "हँस लिए. अब नाम लिखवा."

मी म्हणलं, काय?

"मेरे आदमी का नाम. पत्थर पे. बडे अक्षर में. रास्ते पे जोंधळे का एक-एक दाना मोती के सरीखा चुनी मैं."

मला वाटलं होतं ती म्हणंल, जाऊ दे, आता काय करायचं. म्हणली असती तर मी सुटले असते. ती म्हणली न्हाई.

पहिल्या रोजाच्या दिवशी, दोन तारखेला, चार वाजता कमिटीची बैठक होती ग्राउंडावर. मॅच चालू, कडेला लिंबाखाली खुर्च्या. तुझा बाप कार्यक्रमाचा कागद वाचून दाखवून राह्यला होता. आम्ही दोघी गेलो. शहाजादीला रोजा, तरी चालत आली, सालेहाचा हात धरून. मी तुझ्या बापासमोर जाऊन उभी राह्यले. तो म्हणला, "आई, घरी बोलू." मी म्हणलं, घरी पन्नास वर्सं बोलले न्हाई, आता इथंच.

लग्नात उखाण्यात त्याचं नाव एकदा घेतलं होतं, त्याच्यानंतर त्या दिवशी घेतलं. मोठ्यानं म्हणलं, "रखमाजीनं ही जागा दिली न्हाई. जागा अजमतची. रखमाजीनं हार घेतला अन् मी गप बसले."

नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं तशी खेळणारी पोरं बी थांबली. सुमित कप्तान हाये, तो बॅट काखेत धरून तसाच उभा. त्या उन्हात मला क्षणभर वाटलं, समदं खळं परत भुसानं भरलंय, अन् त्याच्यातून कुणीतरी इकडं येऊन राह्यलंय. कोण ते दिसलं न्हाई.

तुझ्या बापानं हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. चपला घालून सरळ पिचवरून चालत गेला, स्टंपांच्या मधून. पिचवर कुणी चपलेनं जात न्हाई, पर त्याला कुणी अडवलं न्हाई.

सुमित हळूच म्हणला, "आज्जे, दोघांचीबी नावं टाकू ना. भांडण नको." मी शहाजादीकडं बघितलं. ती म्हणाली, "रखमाजी का कायकू? क्या दिया उन्नं?" खोटं सांगत न्हाई, मला राग आला. माझा माणूस होता तो. मंग मी म्हणलं, बराबर हाये. एकच टाका.

ठराव झाला. नवा दगड सांगितलाय. हे लिहिताना सालेहाचा हात दोनदा थांबला. मी म्हणलं, रडायचं तर कागद बाजूला ठेवून रड, शाई पसरती.

जुना दगड तुझ्या बापानं टेम्पोतून घरी आणलाय. अंगणात भिंतीला टेकवून ठेवलाय, नाव बाहेरच्या बाजूला. सकाळी दूध आणायला जाताना त्याच्यावरून हात फिरवतो. मला कायबी बोलत न्हाई. ताट वाढलं तर जेवतो, न्हाई वाढलं तर बसून राह्यतो. मीठ कमी झालं तर ताटाकडं बघतो. परवा तसं बघितल्यावर मी मीठ वाढलं न्हाई. म्हणलं, तोंडानं माग. तो उठून गेला. मला वाईट वाटलं, पर मी उठले न्हाई.

पुस्तकात तुझ्या आज्ज्याला वाईट लिहू नको. त्यानं हार मागितला न्हाई अन् काढला बी न्हाई, एवढंच लिही. तो उपणायला तिवईवर उभा राह्यला की गाणं म्हणायचा, हे बी लिही. आवाज भसाडा होता. तुझ्या बापाला आवाज आठवत न्हाई ना? मंग त्याला वाचू दे, भसाडा होता म्हणून. अन् माझं बी लिही, मी गप बसले ते. गाळू नको.

पाडव्याचा कार्यक्रम व्हायचाय. त्याच्या आधी येत्या शुक्रवारी, चौदा तारखेला, पोरांनी ठरवलंय की मॅच संपली की रोजा ग्राउंडावरच सोडायचा, समद्यांनी मिळून. शहाजादीला खुर्ची मधोमध. मी म्हणलं, खजुराचं माझ्याकडं लागलं.

तवा आता नीट ऐक. शहागंजाच्या बाजारातून तीन किलो खजूर घे. काळे, मऊ, बी काढलेले. कडक घेऊ नको, शहाजादीला दात न्हाईत. मला दोन हायेत, पर ते एकमेकांसमोर येत न्हाईत. गुरुवारच्या एसटीत कंडक्टरच्या हातात दे. तुझा बाप येईल का न्हाई ते मला ठाऊक न्हाई, पर त्याच्या वाटचे बी धर, अन् ते जरा जास्त टाक.

आज्जी
(अंगठा)